ताजच्या मागे बुडणारा सूर्य आणि घरातला चाळीस क्विंटल कापूस

गेटवे ऑफ इंडियाहून सुटणाऱ्या लाँचमध्ये बसून सूर्यास्त बघायचा बेत करणाऱ्याने आधी एकदा नकाशा उघडून बघावा. मी उघडला नव्हता. दिवसभर कंपनीत नकाशांचेच एपीआय जोडत बसणारा माणूस मी. पण आई-अप्पांना "समुद्रात सूर्य बुडताना दाखवतो" असं सांगून डिसेंबरातल्या एका रविवारी साडेपाचला लाँचवर चढवलं, आणि लाँच धक्का सोडून वळली तेव्हा लक्षात आलं की समोर पूर्व आहे. समोर घारापुरी, उरण, न्हावा-शेवाच्या क्रेन. सूर्य पार पाठीमागे, इमारतींच्या आड. मुंबईचं बंदर शहराच्या पूर्वेला आहे, हे शाळेत कधीतरी वाचलं असणार. समुद्रात बुडणारा सूर्य हवा होता तर मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर फुकटात बसायचं होतं.

अप्पांनी एवढंच विचारलं, "मंग सूर्य कोठे शे?"

आम्ही पारोळा तालुक्यातले. घरात अहिराणी. जळगाव आणि धुळ्याच्या मधोमध, हायवेपासून आत सात किलोमीटर. समुद्र आमच्यापासून इतका लांब की गावातल्या अर्ध्या लोकांनी तो अजून पाहिलेला नाही, आणि त्यात कुणाला काही कमीपणाही वाटत नाही. अप्पा मुंबईत दुसऱ्यांदा येत होते. पहिल्यांदा आले होते ते १९९० च्या आसपास, कुणाच्या तरी ऑपरेशनसाठी, तेव्हा दवाखाना आणि दादर स्टेशन सोडून काहीच पाहिलं नव्हतं. यंदा कापसाच्या दोन वेचण्या उरकून आले होते. पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि त्यावर नारिंगी लाइफ जॅकेट. १८ डिसेंबर २०२४ ला याच पाण्यात घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट येऊन आदळली आणि डझनभराहून अधिक माणसं गेली. तेव्हापासून जॅकेट घातल्याशिवाय लाँचवाले सोडत नाहीत. आईने ते पदरावरून घट्ट आवळून घेतलं होतं आणि अर्धा तास तिचा एक हात सतत त्याच्या पट्ट्यावर होता.

वर स्पीकरवर हिंदी गाणी, खाली पोरं सीगलना शेव आणि वेफर भिरकावत होती. लाँचवरचा एक जण ताजमहाल हॉटेलची ती ठरलेली कथा सांगत होता, की इमारत चुकून उलटी बांधली गेली आणि ते बघून आर्किटेक्टने जीव दिला. ही कथा खोटी आहे. १९०३ साली ताज उघडलं तेव्हा त्याचा मुख्य दरवाजा शहराच्या बाजूला ठेवला होता, मुद्दामच. गेटवे तर तेव्हा नव्हताच. त्याची पायाभरणी १९११ ची आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ चं. म्हणजे जो राजा येणार म्हणून कमान बांधायची होती, तो पंचम जॉर्ज १९११ च्या डिसेंबरात येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी ती पूर्ण झाली. डेडलाइन चुकवणारे आपण पहिले नव्हेत.

लाँच उत्तरेला नौदलाच्या गोदीकडे सरकली. राखाडी युद्धनौका, त्यांच्यामागे बॅलार्ड पिअरच्या शेडी. अप्पा कठड्याला धरून उभे होते. ते म्हणाले, "आपला कापूस इथूनच जायचा का रे? आमचे आजोबा सांगायचे, गाठी मुंबईला जातात आणि तिथून जहाजात."

मी हो म्हणालो. पण त्या 'हो'मध्ये काही दम नव्हता, कारण मला माहीत काहीच नव्हतं. घरी परतल्यावर महिनाभर रात्री जे मिळेल ते वाचत बसलो, गॅझेटियरच्या स्कॅन केलेल्या पीडीएफसकट. पुढे जे लिहितोय ते अप्पांच्या त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

०

खान्देश इंग्रजांच्या ताब्यात आला १८१८ ला, पेशवाई बुडाल्यावर. कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणं केलं. मुंबईहून आग्र्याला जाणारा रस्ता नाशिक, मालेगाव करत याच धुळ्यावरून जातो, आणि रेल्वे येईपर्यंत आमचा कापूस त्याच रस्त्याने खाली उतरायचा. बैलगाड्यांतून आणि वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून. तापीच्या खोऱ्यातून निघालेली गाडी थळ घाट म्हणजे कसारा घाट उतरून मुंबईला पोचायला कित्येक आठवडे घ्यायची. वाटेत धूळ, वाटेत अवकाळी, वाटेत बैल बसणं. सैल बांधलेल्या बोऱ्यांतला कापूस निघताना पांढरा असायचा आणि पोचताना मातकट.

मुंबईत तो पूर्वी किल्ल्यातल्या टाउन हॉलसमोरच्या मोकळ्या मैदानात ढिगाने पडायचा. आज जिथे हॉर्निमन सर्कलची गोल बाग आहे, जिच्या कट्ट्यावर दुपारी ऑफिसातले लोक डबा खातात, ते मैदान. इंग्रज त्याला 'कॉटन ग्रीन' म्हणत. ढीग इतके वाढले की १८४४ मध्ये हा बाजार उचलून कुलाब्याला नेला. तिथे स्क्रूच्या प्रेसमध्ये कापूस दाबून गाठी बांधायच्या, होडग्यांतून जहाजांवर चढवायच्या, आणि मग शिडाचं जहाज आफ्रिकेला वळसा घालून तीन-चार महिन्यांनी लिव्हरपूलला. सुएझ कालवा अजून व्हायचा होता, तो १८६९ चा.

म्हणजे पारोळ्याच्या शेतात बोंड फुटल्यापासून लँकेशरच्या गिरणीत सूत निघेपर्यंत वर्ष सहज जात असणार. भावाची बातमी तितक्याच संथपणे उलट येणार. आमच्या भाषेत सांगायचं तर भयंकर लेटन्सी, आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर एक माणूस बसलेला, ज्याला तुमच्याआधी भाव कळतो.

लिव्हरपूलच्या बाजारात आमच्या कापसाला इज्जत नव्हती. पश्चिम भारतातल्या सगळ्याच कापसाला ते सरसकट 'सुरत' म्हणत, आणि पुढे खान्देश-वऱ्हाडचा माल 'ऊमरा' म्हणजे अमरावतीच्या नावाने विकला जाऊ लागला. स्वतःचं नावसुद्धा नीट मिळालं नाही. धागा आखूड. अमेरिकेचा धागा लांब, इंचाच्या आसपास, आणि लँकेशरची यंत्रं त्या लांबीला बेतलेली. १८६० पर्यंत ब्रिटनला लागणाऱ्या कापसातला सुमारे तीन-चतुर्थांशाहून जास्त अमेरिकेतून यायचा, गुलामांनी वेचलेला. आमचा माल अडीनडीला.

मग एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि तिकडचा कापूस अडकला. लँकेशरच्या गिरण्या बंद पडू लागल्या, लाखो कामगार रस्त्यावर आले. तिथल्या एका प्रार्थनासभेची गोष्ट सांगतात. पाद्री म्हणाला, देवा, आम्हाला कापूस पाठव. मागून एक कामगार ओरडला, पण देवा, सुरत नको! ही गोष्ट वाचून मी हसलो, आणि मग थोडा वेळ गप्प बसलो. 'सुरत' म्हणजे आम्हीच की.

नको असला तरी दुसरा नव्हता. त्यामुळे भाव उडाला. चार वर्षांत तो चौपटीपर्यंत गेला. मुंबईला या काळात नेहमीच्या कमाईपेक्षा सुमारे ८ कोटी पौंड जादा मिळाले असा जुन्या इतिहासकारांचा हिशेब आहे. मुंबईत लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला कापूस विकल्याच्या नोंदी आहेत. गावाकडे शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्या, असंही तेव्हा सांगितलं जायचं. हे दुसरं मला जरा अति वाटतं. आमच्याकडे चांदी आली तर ती बाईच्या पायात जाते, चाकाला नाही. पण इतका पैसा आला की अशी अफवा खरी वाटावी, एवढं नक्की.

जळगाव हे गाव मोठं झालं ते या चार वर्षांत. तोवर ते एक साधं कसब्याचं ठिकाण. इंपीरियल गॅझेटियरमध्ये त्याच्याबद्दल जेमतेम काही ओळी आहेत, पण त्यातली एक नेमकी हीच: अमेरिकेच्या युद्धाच्या काळात, १८६२ ते १८६५, जळगाव कापसाची मोठी पेठ होती आणि युद्ध संपून भाव कोसळल्यावर तिला जबर फटका बसला. आजही जळगावात सोनं, केळी, डाळ आणि कापूस या चार गोष्टींवर गाव चालतं. त्यातल्या एकीची सुरुवात मिसिसिपीच्या काठी झाली, हे आम्हाला कुणी शाळेत सांगितलं नाही. अमेरिकन यादवी आम्ही शिकलो, पण ती 'जगाचा इतिहास' या धड्यात. जळगाव त्या धड्यात नव्हतं.

०

चढा भाव आला की त्याच्या मागून काय येतं, हे कापूस पिकवणाऱ्याला सांगावं लागत नाही. वजन वाढवण्याच्या युक्त्या. बोऱ्यात दगड, माती, सरकी, आणि सगळ्यात सोपं म्हणजे पाणी. कापूस ओला केला की वजन वाढतं. हे शेतकरी करायचा, व्यापारी करायचा, दलालही करायचा. मुंबई सरकारने १८२९ मध्येच कापसातल्या लबाडीविरुद्ध रेग्युलेशन काढलं होतं, ते पुरेना म्हणून ऐन तेजीत १८६३ ला नवा कायदा केला. निरीक्षक नेमले, गाठींवर शिक्के मारायला लावले. खान्देशचा कलेक्टर अ‍ॅशबर्नर तर बियाणंच बदलायच्या मागे होता. हिंगणघाटचं लांब धाग्याचं बी इकडे रुजवायचं आणि स्थानिक आखूड वाण हटवायचं, असा त्याचा खटाटोप. अमेरिकी बियाण्याचे प्रयोग त्याआधीपासून चालू होते आणि बहुतेक फसत होते.

गंमत अशी की आज आमच्या शेतात देशी वाणाचं एक झाड नाही. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत सगळं शिवार संकरित बीटीचं झालं, म्हणजे मूळ अमेरिकी जातीचं. जे अ‍ॅशबर्नरला जमलं नाही ते पाकिटबंद बियाण्याने केलं. धागा लांब झाला. गुलाबी बोंडअळीही आली, तो वेगळा लेख होईल.

पाण्याचा मुद्दा मात्र तिथेच आहे. आता खरेदी केंद्रावर गाडी गेली की ग्रेडर ओलावा मोजायचं मीटर कापसात खुपसतो. ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव, त्यापुढे कपात, १२ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी परत. डिसेंबरातल्या सकाळी दव पडतं, कापूस रात्रभर ट्रॉलीत उभा असतो, ओलावा आपोआप वाढतो. अप्पांनी जन्मात कापसावर पाणी मारलं नाही, पण मीटरच्या सुईकडे बघताना त्यांचा चेहरा चोरासारखा होतो. ज्या संशयावर १८६३ चा कायदा उभा होता, तोच तिथे सुईच्या टोकावर असतो.

०

आता ती तारीख, जी वाचून मी मध्यरात्री लॅपटॉप बंद करून गच्चीत जाऊन उभा राहिलो होतो.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी बोरीबंदर ते ठाणे धावली १६ एप्रिल १८५३ ला. हे सगळ्यांना पाठ असतं. रेल्वे बांधण्यामागे कापूस किती होता हे कमी सांगितलं जातं. मँचेस्टरचे गिरणीवाले वर्षानुवर्षं पार्लमेंटच्या मागे लागले होते की भारतातला कापूस बंदरापर्यंत लवकर आणि स्वच्छ पोचेल अशी सोय करा. कल्याणहून रूळ कसाऱ्यापर्यंत गेले १८६१ च्या पहिल्या दिवशी. घाटाच्या वर, नाशिक-चाळीसगावच्या बाजूला, खान्देशाकडचं काम टप्प्याटप्प्याने होत होतं. मधे फक्त थळ घाट अडकला होता. बोगदे, पूल, डोंगर फोडणं, हजारो मजूर. युद्ध सुरू, भाव पेटलेला, आणि घाटाच्या वर माल आणि खाली बंदर. ती तेवढी गाठ सुटेना.

घाटातून गाडी सुरू झाली १ जानेवारी १८६५ ला.

जनरल ली शरण आला ९ एप्रिल १८६५ ला.

जेमतेम शंभर दिवस. ज्या भावासाठी घाट फोडला तो भाव, घाट फुटल्यावर तीन महिने टिकला. शांतता झाल्याची बातमी मुंबईत आली आणि कापूस कोसळला. कापसाच्या पैशावर मुंबईत ज्या कंपन्या, बँका आणि समुद्र हटवायच्या योजना उभ्या राहिल्या होत्या त्या पत्त्यांसारख्या खाली आल्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० च्या घरात विकला गेला होता. १ जुलै १८६५ हा वायद्यांचे पैसे चुकते करायचा दिवस होता, आणि त्या दिवशी अनेकांकडे चुकते करायला काही नव्हतं. या सगळ्याचा अनभिषिक्त राजा प्रेमचंद रायचंद. त्याने तेजीच्या काळात विद्यापीठाच्या मनोऱ्यासाठी २ लाख रुपये दिले होते. आईच्या नावाने बांधलेला तो राजाबाई टॉवर १८७८ ला पुरा झाला. प्रेमचंदची रया गेली तरी मनोरा राहिला. ओव्हलवर क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना वेळ सांगणाऱ्या त्या घड्याळात आमच्याकडच्या कापसाचाही थोडा पैसा आहे, असं मानायला मला आवडतं.

मुंबईच्या या बुडण्यावर पुस्तकं आहेत. दिनशा वाच्छांनी १९१० मध्ये यावर आख्खं पुस्तक लिहिलं. जळगावच्या, पारोळ्याच्या, चोपड्याच्या शेतकऱ्याचं काय झालं यावर ओळी-दोन ओळी मिळतात. तेजीत जमिनीची किंमत वाढलेली, सावकाराने त्या किमतीवर मोकळ्या हाताने कर्ज दिलेलं, शेतकऱ्याने विहीर खणली असेल, लग्न दणक्यात केलं असेल, बैलजोडी घेतली असेल. भाव खाली आल्यावर कर्ज तेवढंच राहिलं. सारा भरायचाच होता. दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची वहीखाती जाळली, त्याची चौकशी करणाऱ्या कमिशनलाही मागे वळून या तेजी-मंदीकडे बघावं लागलं. खान्देशात त्या वेळी तसा भडका उडाला नाही. पण खान्देशी माणूस कागदाला भितो, ते उगाच नाही. १८५२ मध्ये सरकारने जमिनीची मोजणी सुरू केली तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल या भागात हजारो लोक जमले होते आणि सरकारला फौज आणावी लागली होती. मोजणी कशासाठी असते, हे त्यांना न सांगता कळलं होतं.

०

शंभर दिवसांची ती गोष्ट मला इतकी का लागली, ते सांगायला हवं.

२०२१-२२ च्या हंगामात कापूस १०,००० च्या वर गेला. अप्पांनी आमचा माल डिसेंबरात ८,००० च्या आसपास देऊन टाकला होता, आणि मग एप्रिल-मेपर्यंत रोज सकाळी मोबाइलवर वाढता भाव बघत बसले. गावात ज्यांनी थांबून विकला त्यांनी ट्रॅक्टर घेतले. पुढच्या वर्षी अख्ख्या खान्देशाने एकच निर्णय घेतला: थांबायचं. आमच्या घरात चाळीस क्विंटल कापूस आला. ओटा भरला, मधलं घर भरलं, माझी अभ्यासाची खोली छतापर्यंत भरली. दिवाळीला मी गेलो तेव्हा कापसाच्या डोंगरावर चादर टाकून झोपलो होतो. लहानपणी हे सुख वाटायचं.

जानेवारीत भाव ८,००० च्या आसपास. अप्पा म्हणाले, "घरमा कापूस शे, मंग चिंता कसानी?" मार्चमध्ये त्याहून खाली. एप्रिलपासून उष्णतेने कापूस वाळून वजन घटायला लागलं, आणि त्यात किडे झाले. आईच्या हातांवर, मानेवर पुरळ उठलं. गावात घरोघरी तेच, डॉक्टरकडे खाजेच्या मलमाची रांग. मी पुण्याहून फोन करून सांगत होतो की विकून टाका. मला चार्ट दिसत होते. न्यूयॉर्कचे वायदे खाली येताना दिसत होते. पण १०,००० हा आकडा एकदा पाहिलेल्या माणसाला चार्ट दाखवून उपयोग नसतो. आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा फेब्रुवारीत त्यांना "अजून थोडं थांबून बघू" म्हणालो होतो. ते वाक्य माझं होतं. अप्पांनी नंतर एकदाही त्याची आठवण काढली नाही.

जूनमध्ये, पेरणीला पैसे हवेत म्हणून, सात हजाराला थोडे कमी अशा भावाने गाडी भरली. वजन चाळीसचं अडतीसच्या आत आलं होतं.

१८६५ च्या उन्हाळ्यात जळगावच्या आसपास अशी किती घरं असतील? मागच्या वर्षी ज्याने लवकर विकून हात चोळले आणि या वर्षी घर भरून थांबला, असा एखादा तर असेलच. त्याचं नाव कुठल्याच गॅझेटियरात नाही.

०

बंदराकडे परत येतो. कारण लाँचमधून जो किनारा दिसतो तोसुद्धा बऱ्याच अंशी कापसानेच घडवलेला आहे.

पूर्वेचा हा काठ मूळचा दलदलीचा आणि चिखलाचा. तो भरून काढायचं मोठं काम केलं ते १८५८ साली निघालेल्या एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने. नावातला 'प्रेस' म्हणजे छापखाना नव्हे, कापूस दाबायचा प्रेस. जमीन बनवायची, तिच्यावर धक्के आणि प्रेस उभे करायचे, असा तो धंदा. सरकारने पुढे ती कंपनी विकत घेतली आणि १८७३ मध्ये तिच्या जागेवर पोर्ट ट्रस्ट उभा राहिला. कुलाब्याच्या कापूसबाजाराजवळ १८७५ मध्ये ससून डॉक झाला, आज जिथे पहाटे मासळीचा लिलाव होतो. १८८० ला प्रिन्सेस डॉक, १८८८ ला व्हिक्टोरिया. कुलाब्याचा कापूसबाजार १९२० च्या दशकात शिवडीला हलला आणि जाताना जुनं नावही घेऊन गेला. हार्बर लाइनवरच्या कॉटन ग्रीन स्टेशनचं नाव ते. मी वर्षभर त्या लाइनने जायचो आणि मला वाटायचं तिथल्या हिरव्या बिल्डिंगवरून नाव पडलं असेल.

आणि १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज उभं होतं. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, सोन्याच्या विटा आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात ठेवणारा माणूस कापसाच्या घरात राहिलेला नसणार. दुपारी कापसाच्या गाठींनी पेट घेतला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा. शेकडो माणसं मेली, त्यात मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान. सोन्याच्या विटा उडून लांब घरांवर पडल्या, आणि गाळ उपसताना पुढे कित्येक वर्षं सापडत राहिल्या. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन दिन पाळतात तो त्यामुळेच. कापूस दाबून ठेवला की आतल्या आत धुमसतो, वरून कळत नाही. गावाकडे म्हणूनच कापसाच्या खोलीत विडी ओढू देत नाहीत, पाहुणा कितीही मोठा असो.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कापूस बाहेर पाठवण्यापेक्षा इथेच कातायचं लोण मुंबईहून खान्देशात आलं. जळगावला स्टेशनजवळ मुळजी जेठांची खान्देश मिल उभी राहिली, अमळनेरला प्रताप शेठांची प्रताप मिल, धुळ्यातही गिरणी झाली. मुळजी जेठा हे नाव जळगावच्या पोरांना कॉलेजमुळे माहीत असतं, एम.जे. मुंबईतल्या कापडाच्या मुळजी जेठा मार्केटवरही तेच नाव आहे, आणि बहुतेकांना दोन्हींचा संबंध लागत नाही. खान्देश मिल बंद पडली. तिच्या जागेवर आता खान्देश सेंट्रल आहे. इंजिनिअरिंगला असताना आम्ही तिथे जायचो, तेव्हा भोंग्याची वेळ पाळणारे म्हातारे अजून आसपासच्या गल्ल्यांत राहत होते. अमळनेरला १९४५ च्या डिसेंबरात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची वनस्पती तुपाची कंपनी निघाली. तिचीच पुढे विप्रो झाली. माझ्या बॅचचे निम्मे लोक ज्या धंद्यात आहेत, त्याचा एक धागा असा अमळनेरच्या तेलातुपातून जातो.

०

लाँच दक्षिणेकडून वळसा घालून परत फिरली तेव्हा सूर्य ताजच्या घुमटामागे टेकला होता. उलट्या बाजूचा सूर्यास्त वाईट नसतो. सगळं शहर काळं होतं आणि त्याच्या कडा पेटतात. गेटवेच्या कमानीतून क्षणभर आरपार तांबडा उजेड आला. आईने फोटो काढायला सांगितला. मागे न्हावा-शेवाच्या क्रेनवर दिवे लागले होते. आता गाठी तिकडूनच येतात-जातात, कंटेनरमध्ये बंद.

आणि येतात हेही. अप्पांना ते माहीत होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क माफ केलं, आणि ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. त्याच महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के कर लावला होता. कापड गिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता. खान्देशात वेचणी सुरू व्हायच्या आधीच बाजार बसला. हमीभाव लांब धाग्याला ८,११० रुपये, पण तो मिळायचा तर सरकारी खरेदीत, आणि तिथे नाव नोंदवायचं तर 'कपास किसान' अ‍ॅपवर. मी ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये बसून नोंदणी केली होती, अप्पा फोनवर ओटीपी एकेक आकडा करून सांगत होते, सहा की नऊ यावरून आमचं भांडण झालं होतं.

"म्हणजे तेव्हाही अमेरिकाच होती," मी त्यांना लाँचवर नाही, महिन्याभराने गावी सांगितलं, गॅझेटियरची पीडीएफ दाखवत. त्यांनी चष्मा लावला. जळगावची ती ओळ मी मराठीत करून वाचली. ते ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "युद्ध किती वर्षं चाललं?"

"चार."

"आणि लोकांना माहीत नव्हतं कधी संपेल ते?"

"नाही."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बाहेर ट्रॉलीत कापूस भरलेला होता, वर ताडपत्री, सकाळी अकराचा स्लॉट मिळाला होता. "मंग ऊठ," ते म्हणाले, "ताडपत्री काढून दे. दव पडायच्या आत दोन तास वारं लागू दे त्याले."